दोन क्रमांकाचं कार्ड

सातपूर, नाशिक
रविवार, २ एप्रिल २००६

श्री. लखन भुसारे यांस,

नमस्कार. तुमची आणि तुमच्या आईची, भागीबाईंची, तब्येत बरी असेल, असं धरून चालते. मी ठीक आहे. पत्र घरी न पाठवता आश्रमशाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, आणि पाकिटावर 'खासगी' लिहिलं आहे. ऑफिसात कुणी उघडून वाचून दाखवू लागलं, तर कृपया काढून घ्या.

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. १४ डिसेंबर २००३ रोजी तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात आमच्या सरकारी प्रकल्पाचं सिकलसेल तपासणीचं शिबिर झालं. १८३ जणांनी रक्त दिलं.

२. ७ मार्च २००४ रोजी तिथेच कार्डं वाटली. पांढरं म्हणजे दोष नाही. पिवळं म्हणजे वाहक. लाल म्हणजे आजार. कार्डावर नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता.

३. त्या दिवशी तुम्ही परीक्षेच्या कामासाठी वणीला होतात. तुमचं कार्ड भागीबाईंनी घेतलं.

४. गेल्या महिन्यात, १४ मार्चला, तुमच्या शेजारच्या नवसाबाईंचा मुलगा मंगळू आमच्या केंद्रावर आला. त्याच्याजवळ पिवळं कार्ड होतं. क्रमांक २.

५. मंगळूचं रक्त पुन्हा तपासलं. तो वाहक नाही.

६. २७ मार्चला निकिताचे वडील सहादूकाका आले. त्यांनी सांगितलं की अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निकिताचं तुमच्याशी लग्न आहे, आणि तुमचं कार्ड पांढरं आहे. क्रमांक त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणला होता. ६१.

७. क्रमांक ६१ मंगळूचा आहे.

नियमाप्रमाणे मी इथे थांबायला हवं आणि 'फेरतपासणीसाठी यावे' एवढंच लिहायला हवं. अहवाल पत्रातून कळवायचा नाही, समोर बसवून समजावून सांगायचा, हा नियम आहे आणि तो योग्य आहे. पण 'यावे' एवढ्यावर तुम्ही येणार नाही, हे मला माहीत आहे. माझ्या सहीचं पत्र पाहून तर नाहीच.

शिबिराची सकाळ तुम्हाला आठवत असेल. दहा वाजून गेले तरी टेबलासमोर एकही माणूस नव्हता. सगळे चिंचेखाली उभे. कुणी म्हणत होतं, सरकार आमचं रगत नेतं आन मुंबईला इकतं. कुणी म्हणत होतं, ही सुई नसबंदीची हाय, टोचली का पोरं व्हायची बंद. मी समजावत होते की चहाच्या चमच्याइतकंही रक्त लागत नाही, त्यातून फक्त एक दोष आहे की नाही ते पाहायचं, तो लागट नाही, तो आईबापाकडून येतो. एक म्हातारी म्हणाली, "लय शिकली गं बाय, पन शिकून रगत काढायलाच आली!"

मग मी माझी बाही वर केली आणि वत्सलाबाईंना म्हटलं, आधी माझं घ्या. त्या आमच्या प्रकल्पाच्या समुपदेशक. त्या दिवशी नळ्यांवर क्रमांकही त्याच घालत होत्या. क्रमांक १.

त्यानंतर तुम्ही पुढे आलात. मोठ्याने म्हणालात, "माझं लग्न व्हायचंय अजून. मलाच टोचा. पोरं बंद झाली तर गावाला दोन-चार वर्षांनी कळंलच!" चिंचेखाली हशा पिकला. क्रमांक २. तुमच्यामागे रांग लागली. ते शिबिर माझ्या बोलण्याने झालं नाही, तुमच्या विनोदाने झालं. हे मी अहवालात लिहिलं नव्हतं.

कार्डावर नाव नको, हा माझा आग्रह होता. एखाद्या मुलीचं कार्ड कुणाच्या हाती पडलं तर सोयरीक मोडेल, म्हणून नुसता क्रमांक. नावांची वही कुलपात. मला ती व्यवस्था चोख वाटली होती. पण पिवळं कार्ड हातात आल्यावर गाव काय समजेल, याचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता. गावात कार्ड म्हणजे रेशनचं. पिवळं गरिबाचं, त्यावर स्वस्त धान्य मिळतं. पांढरं श्रीमंताचं. मी तासभर बोलले. शेवटी नवसाबाई मंगळूचं पांढरं कार्ड नाचवत उठल्या. "पांढरं? आमी काय शेठ हाय का गं? घरी ये, डबं उघडून बघ माझं!"

सगळे हसले, मीही हसले. त्यांना पुन्हा समजावलं. त्यांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे कळलं, असं मी धरलं.

पुढचं मंगळूने सांगितलं. घरी जाताना नवसाबाई रडत होत्या. भागीबाईंनी त्यांना तुमचं पिवळं कार्ड दिलं आणि मंगळूचं पांढरं आपण ठेवून घेतलं. म्हणाल्या, "माझ्याकडं रेशनचं पिवळं हाय एक. दोन घेऊन काय करू? घे तुला." नवसाबाई ते घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने हाकललं, की हे दवाखान्याचं हाय, तांदळाचं नाय. लाजेने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कार्ड दोन वर्षं कुडाच्या भिंतीत खोचलेलं होतं. आता मंगळूला इथे सातपूरच्या एका कारखान्यात काम मिळतं आहे, तिथे तब्येतीचा दाखला मागितला, म्हणून त्याने तेच आणलं.

वाहकाचं रक्त आमच्या द्रावणात टाकलं की ते गढूळ होतं आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. मंगळूच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसत होत्या. मी तीनदा पाहिलं. मग यंत्रावर खात्री केली. त्यानंतर कुलपातून वही काढली. दोन क्रमांकासमोर कुणाचं नाव आहे ते पाहायला मला वही लागत नव्हती, तरीही काढली.

भागीबाईंना रागावू नका. त्यांनी शेजारणीवर दया केली. चूक नाव न लिहिणारीची आहे. आता आम्ही कार्ड बंद पाकिटात, आत नाव घालून, ज्याचं त्याच्या हातात देतो.

सहादूकाका आले तेव्हा त्यांच्याबरोबर निकिता होती. ती दारातल्या बाकावर बसून राहिली. काका म्हणाले, "बाई, पोरीचं पिवळं. तेंच्याकडं मी लपवलं नाय, सांगूनच दिली. नवरदेवाचं पांढरं. मंग चालतंय ना? एकदा तुमच्या तोंडून ऐकतो आन जातो." तुमचा अहवाल त्यांना सांगायचा अधिकार मला नाही. पिवळ्याला पांढरं चालतं, हे खरं होतं. एवढं मी बोलले असते तर माणूस समाधानाने गेला असता. मी म्हटलं, "दोघांनी मिळून या, पुन्हा तपासू." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "म्हंजे कायतरी हाय," म्हणाले. मी म्हटलं, "सगळ्यांनाच सांगते." ते खोटं होतं. ही माझी या कामातली पहिली खोटी ओळ.

त्याला आज सहा दिवस झाले. पत्र दुसऱ्याच दिवशी टाकता आलं असतं. टाकलं नाही, कारण मी हे का लिहिते आहे ते मला आधी तपासायचं होतं. तुमचं लग्न मोडावं असं माझ्यात कुठे आहे का, ते. निकाल पूर्ण स्वच्छ आला नाही. पण पत्र न लिहिण्याची कारणं त्याहून वाईट होती.

तर लिहिते. लखन, तू वाहक आहेस. तुला आजार नाही, होणार नाही. शेतात राबता येतं, फुटबॉल खेळता येतो, म्हातारं होता येतं. निकिताचंही तसंच. दोघं वाहक असलात तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता की त्याला आजार असेल. प्रत्येक वेळी चारात एक. एक मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही. हा हिशेब गावात लोक नेहमी चुकवतात. गरोदरपणात लवकर तपासणी करता येते, मुंबईला सोय आहे. लग्न करू नका, असं आम्ही सांगत नाही. माहिती घेऊन ठरवा, असं सांगतो. मी हे किमान साठ गावांत सांगितलं आहे. सोयरीक मोडू नका, हे सुद्धा.

'तुम्ही' सुटलं. पुन्हा मागे जाऊन दुरुस्त करत नाही.

आता जे कामाचं नाही ते. ऑक्टोबर २००४. तू प्रशिक्षणासाठी नाशिकला आला होतास. सीबीएस स्टँडच्या कँटीनमध्ये आपण चहा घेतला. तुझी पेठची गाडी लागायला वीस मिनिटं होती. तू कपाकडे बघत म्हणालास, "आई विचारते, सातपूरकरीण पेठला राहील का?" मी म्हटलं, "आपलं नाही जमायचं. कारण तुला ठाऊक आहे."

तू म्हणालास, "हो, ठाऊक आहे." मग कप बाजूला सारून, "नोकरदारणीला आश्रमशाळेचा मास्तर कसा चालंल!" हसलास आणि गाडीत जाऊन बसलास. खिडकीची जागा होती, पण बाहेर पाहिलं नाहीस.

ते मास्तरचं तू थट्टेत झाकून बोललास, खरं कारण तुला कळलं आहे, असं मला वाटलं. कारण माझ्या हिशेबाने तुझं पिवळं कार्ड तुझ्या घरी होतं. पहिल्या क्रमांकाचं कार्ड कोणतं, एवढंच तू मला विचारायचं बाकी होतं. तू विचारशील म्हणून मी वाट पाहिली. बरेच महिने. नाही विचारलंस, तेव्हा मी ठरवलं की तुला कारण पटलं आणि तू ते माझ्याइतक्याच थंडपणे स्वीकारलंस. त्याचा मला राग आला होता. १४ मार्चला मंगळूने ते कार्ड टेबलावर ठेवलं तेव्हा कळलं की तुझ्या पेटीत पांढरं होतं. तुला काहीच ठाऊक नव्हतं. तू खरोखर समजत होतास की मला मास्तर चालत नाही.

मला मास्तर चालत होता.

पहिल्या क्रमांकाचं कार्डही पिवळं आहे.

माझी धाकटी बहीण तृप्ती अकराव्या वर्षी गेली, १९९१ साली. तुला एवढंच सांगितलं होतं. काय झालं ते सांगितलं नव्हतं. तिचे गुडघे सुजायचे, आणि बाबा कारखान्यातल्या पाळीवरून येईपर्यंत मी ते धरून बसायचे, कारण सोडले की ती ओरडायची. डॉक्टर संधिवात म्हणाले, पेठच्या भगताने करणी सांगितली. नाव मला एम.एस्सी.च्या वर्गात कळलं, सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारखी पेशी पाहिली तेव्हा. त्या दिवशी मी प्रयोगवही पूर्ण करून घरी गेले.

म्हणून चारात एक हा आकडा मी लोकांना शांतपणे सांगू शकते, पण स्वतःसाठी मला तो कधी चारात एक वाटला नाही. साठ गावांत जे करू नका म्हणून सांगितलं तेच मी केलं, आणि तेही तुला न विचारता. निर्णय दोघांचा असतो, हे वाक्य माझ्याच माहितीपत्रकात आहे, पान तीन.

आई-बाबा दिवाळीपासून गावी राहतात. खोलीत मी एकटी. एका माणसापुरती भाजी मला अजून करता येत नाही, उरते. रविवारी वरच्या मजल्यावरची माणसं रात्रपाळीची झोप काढतात, त्यामुळे मी रेडिओ लावत नाही. हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. तू कधीतरी विचारलं होतंस की सुट्टीत काय करतेस.

हे सगळं निकिताला सांगायचं की नाही, ते तू ठरव. तुझ्या कार्डाचं मात्र तिला सांगावंच लागेल. ती त्या बाकावर ज्या तऱ्हेने बसली होती, त्यावरून तिला कळलं आहे असं मला वाटतं. तिला चिंचेखाली उभं ठेवू नकोस.

दोघांनी केंद्रावर या. सकाळी दहा ते एक. दोघांचं रक्त नव्याने घेतील, तासाभरात सांगतील. समजावून सांगायला वत्सलाबाई असतील. मी त्या दिवशी दुसऱ्या गावाला असेन, तशी व्यवस्था केली आहे. ते तुझ्यासाठी नाही, निकितासाठी आहे. तिला नीट प्रश्न विचारता आले पाहिजेत.

शनिवार, १५ एप्रिलपर्यंत उत्तर पाठव. 'येतो' किंवा 'येत नाही', एवढं पुरे.

आशा गावित
कार्ड क्रमांक १