शेवटचा तांब्या

बाळकुम
बुधवार, ता. १२ फेब्रुवारी २०२५

चि. कल्पिता हिस आजीचा आशीर्वाद.

इथे आम्ही बरे आहोत. गुडघा दुखतो तेवढा दुखतो. चौदाव्या मजल्यावर हवा खूप येते, माणूस एक येत नाही. तुझ्या बापाची शुगर वाढलीय, तरी कमलेश लपून पेढे खातो. तू बरी असशील. नसलीस तरी सांगणार नाहीस, ती सवय माझीच उचललीस.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतेस आणि मी गप्प बसते. कागद दुसऱ्याला दाखवता येतो. शाळा तिसरीपर्यंतची, चुका पोटात घाल.

तुमच्या मुंब्र्याच्या केंद्राला आठ दिवस कुलूप आहे, असं तिथे शिवण शिकवणाऱ्या नयनने सांगितलं. बायांच्या मशिनी बंद, पोरांचा अभ्यास बंद.

तू येशूची झालीस तेव्हा मी तुला भरल्या ताटावरून उठवलेलं. गावात सांगितलं, कल्पिता पुण्याला नोकरीला आहे. चार वर्षं पुण्यातच ठेवली तुला. आणि गेल्या दिवाळीपासून दर मंगळवारी, कल्याणला विमलाबाईकडे जाते म्हणून निघायची आणि तुझ्याकडे येऊन बसायची. काय चालतं ते बघायला, असं स्वतःला सांगायची. बघितलं पण. शिवण झालं की तू चहा देतेस आणि येशूची गोष्ट काढतेस. त्या बुरख्यातल्या बाया चहा संपेपर्यंत ऐकतात, मग उठतात. त्यात वाईट काही नाही. पण तू नुसती शिवणासाठी तिथे गेलेली नाहीस हे मला कळतं, तर त्यांच्या सासवांना कळत नाही होय?

आता त्या मंगळवारचं. नाझनीन वीस दिवसांची पोर घेऊन आलेली. पोर किरकिरत होती, आई उभ्याउभ्या पेंगत होती. मी म्हटलं, आडवी हो. ती चटईवर पडली ती झोपलीच. तू पुढच्या खोलीत. मी मोरीत पाय पसरून बसले, पोर पायांवर घेतली, तेल लावलं, ऊन पाणी घातलं. बाळकुममधली निम्मी पोरं माझ्या पायांवर न्हालीत. हाताला वळण आहे, ते जात विचारत नाही. शेवटचा तांब्या पोरीभोवती तीनदा फिरवला, "आल्यागेल्याची दृष्ट जावो" असं पुटपुटले आणि टाळूवर ओतला. दारात नाझनीनची शेजारीण उभी होती. बघितलं आणि पळाली.

ख्रिस्ती लोकांची जागा, पोरीच्या डोक्यावर पाणी, तोंडात मंत्र. तिने काय समजायचं ते समजली.

अर्ध्या तासात पोरीची आजी रुकय्याबी चार बायांना घेऊन हजर. "मेरी पोती को ईसाई पानी किसने डाला?" तुला माझा ओला पदर दिसलेला. तरी तू म्हणालीस, "मैंने."

आणि मी पडद्यामागे. कोणाच्या बापाला न घाबरलेली सखुबाई, गावात कळेल म्हणून मुकी झाली. म्हातारी पण बाटली म्हणतील ना! मागच्या जिन्याने उतरले, रिक्षा केली, घरी येऊन भाकऱ्या थापल्या. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. बाल्कनीत जाते, परत येते. कमलेश म्हणतो, "आये, पंख्यासारखी काय फिरतेस?"

अजून एक. पडद्याच्या फटीतून तुझं तोंड बघितलं मी. "मैंने" म्हणताना भीती होती, पण थोडी हौसही होती. खरंच तुझ्या हातून झालं असतं तर तुला आवडलं असतं का? मला उत्तर नको. स्वतःला दे.

काल एकटीच रुकय्याबीच्या घरी गेले. म्हटलं, "पानी मैं डाली. मैं कल्पिता की दादी. ईसाई नहीं, तुम्हारे जैसी बुढ्ढी है." तिने मला वरून खाली बघितलं. "तो करके दिखाओ."

तिच्या मोरीत, सुनेसमोर, त्या पळपुट्या शेजारणीसमोर पोर पायांवर घेतली. पोर सुस्तावली. रुकय्याबी म्हणाली, "हाथ अच्छा है." शेवटचा तांब्या फिरवायला उचलला, तर तिने मनगट धरलं. "ये नहीं. ये हमारे में नहीं."

तोंडाशी चार शब्द आले होते. गिळले. पोर तिची. तांब्या खाली ठेवला. तिने पोर घेतली, काहीतरी पढली आणि पोरीच्या तोंडावर फुंकर मारली. दृष्टच काढली, दुसरं काय!

मग तिने विचारलं, "तुम्हारी पोती झूठ क्यूँ बोली?"

"मेरे वास्ते."

ती खूप वेळ पोरीचे केस पुसत बसली. मग म्हणाली, "मैं सबको बोलेगी. पर उसको बोलो, सिलाई अलग, दुआ अलग. पहले बता के. जिसको सुनना है वो बैठेगा."

मला पटलं. चहाच्या आडून कशाला सांगतेस? ज्याच्यासाठी तू माझं ताट सोडलंस, तो एवढा भित्रा नसेल. भित्री मी.

घरी येऊन कमलेशला सगळं सांगितलं. तो जेवला नाही. आज सकाळी चपला घालता घालता विचारलं, "बारीक झालीय का ती?" मी म्हटलं, जाऊन बघ.

कुलूप काढ. हा कागद दाराला चिकटव, पोलीस आले तर त्यांना दे, बाळकुमपर्यंत आला तरी येऊ दे. सही मी आयुष्यात एकदाच केली, शेताच्या कागदावर, न वाचता. ही दुसरी. हा कागद दोनदा वाचलाय.

पाणी मीच घातलं.

सखुबाई राघो भोईर
राहणार बाळकुम
कल्पिताची आजी