घर सरस्वतीपुरममधले, मैदान हुणसूर रस्त्यावरचे

मी, येसाजीराव रणोजीराव इंगळे, वय सत्तेचाळीस, धंदा चामड्याच्या बॅगा व खेळाचे हातमोजे शिवणे, राहणार सरस्वतीपुरम, म्हैसूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व माझ्याच अक्षरात लिहीत आहे. येत्या सोमवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही नाही. मलाही काळजी नाही. काम अर्धवट टाकून बाहेर जायची सवय नाही, एवढेच. बुद्धी शाबूत आहे, दडपण कोणाचेही नाही. वकील पद्मनाभ यांनी नमुना दिला होता, त्यातल्या तीन चुका मी त्यांना दाखवून दिल्या. माझे शिक्षण मिडलस्कूलपर्यंत झाले आहे, तेही नोंदवून ठेवतो.

१. मी लग्न केलेले नाही. मला थोरली बहीण गिरिजाबाई, म्हणजे आमची अक्का, ती माझ्याजवळ राहते; आणि धाकटा भाऊ सदाशिवराव, तो बेंगळुरात असतो.

अक्का १९५२ ते १९५६ पगारावर बेसबॉल खेळली. सॉफ्टबॉल नव्हे, आणि लगोरी तर नव्हेच. सदाशिवराव पाहुण्यांना लगोरी सांगतो, म्हणून हे इथे घालावे लागले. म्हैसूरच्या दसरा प्रदर्शनात खेळांचे ठेके घेणारे नरसिंह यांनी लढाईच्या काळात बेंगळुरात सोल्जरांचा हा खेळ पाहिला होता. त्यांनी मुलींचे दोन संघ उभे केले आणि तिकीट लावले. अक्का लाल संघाची पिचर, म्हणजे बॅटवालीला चेंडू टाकणारी. आईची अट होती, गुडघे दिसता कामा नयेत. नरसिंहांची अट होती, धावताना कापड पायात येता कामा नये. अक्काने आईचेच नऊवारी काढले, कासोटा घट्ट मारला आणि दोघांनाही गप्प केले. महिन्याभरात दोन्ही संघ नऊवारीत आले. कन्नड मुलींना कासोटा आईनेच शिकवला.

सरगूरहून अक्काला बघायला मंडळी आली होती. मुलाचे काका म्हणाले, "मुलगी पुरुषांसमोर धावते म्हणे." आमचे वडील म्हणाले, "धावते की. ते तिकीट काढून बघतात, तुम्ही फुकट बघताय." सोयरीक मोडली. त्या दिवशी वडिलांनी सगळ्या गल्लीला म्हैसूरपाक वाटला.

२. सरस्वतीपुरममधले घर माझ्या स्वकष्टाचे आहे, त्यात वडिलोपार्जित काही नाही. ते माझ्यामागे गिरिजाबाई यांना पूर्ण मालकीने, विकण्याच्या हक्कासह मिळावे. नमुन्यात "हयातीपर्यंत राहण्याचा हक्क" असे होते. सदाशिवरावचेही म्हणणे तेच: "अक्काला एक खोली दे की हयातभर. सगळं घर दिलंस तर ती ते विकून मैदान घेईल." बरोबर आहे. त्यासाठीच देतो.

हुणसूर रस्त्यावरच्या ज्या मोकळ्या जागेत अक्का शाळेची नोकरी सांभाळून दर रविवारी मुलींना खेळ शिकवते, ती जागा मालक विकायला निघाला आहे. कल्याणमंटप, म्हणजे लग्नाचे कार्यालय, बांधणारे त्याच्या दारात बसून आहेत. जागा गेली की अक्काचा संघ मोडला. १९५६ मध्ये नरसिंहांचा ठेका संपला तेव्हा असाच एक मोडला होता. अक्का तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि तिचा हात तेव्हा कुठे बसू लागला होता.

३. दुकान व हत्यारे माझा भागीदार वेंकोबा याला द्यावीत. अट अशी की, त्याने कातडे कापायच्या रापीने फणस कापू नये. एकदा कापला आहे. चीक काढायला मला सबंध दिवस गेला.

हातमोजे मला कोणी शिकवले नाहीत. नरसिंहांकडे एकच अमेरिकन मोजा होता. मी तो उसवला, प्रत्येक तुकडा कागदावर आखला आणि पुन्हा जसाच्या तसा शिवला. त्यांना आजवर कळलेले नाही. पुढचे सगळे मोजे मी जुन्या खोगिरांच्या कातड्याचे केले. चेंडूला एकशेआठ जोडटाके असतात. ज्याला पटत नसेल त्याने मोजावे.

४. सदाशिवरावला रेडिओ आणि बेसबॉलच्या नियमांचे पुस्तक. पुस्तक आधी वाचावे, रेडिओ मग लावावा.

५. वरील चार कलमे मी आज अक्काला आणि साक्षीसाठी आलेल्यांना वाचून दाखवली. साक्षीदार दोन: वकील पद्मनाभ, आणि विशालाक्षी, ज्यांनी लाल संघात चार वर्षे अक्काचे चेंडू झेलले.

अक्का म्हणाली, "छान लिहिलंस. म्हणजे मला मैदान कधी मिळणार?"

"माझ्यामागे."

"आणि जागेचा मालक तोवर थांबतो का?"

विशालाक्षी म्हणाल्या, "त्यानं महिनाअखेर सांगितलीय. येसू, सोमवारी जमवशील का?"

"साकु, पुरे आता, विशा," अक्का म्हणाली, "असं बोलू नको, तो खरंच वेळापत्रक आखायला बसेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझं नाव खोड त्यातून. तू तुझ्या घरात सुखानं राहा. मैदानाचं मी बघते काहीतरी."

तिचे काहीतरी म्हणजे काहीच नाही, हे मला आणि विशालाक्षींना ठाऊक आहे. मी पेन घेतले आणि तिच्या नावाऐवजी "माझ्यामागे" हा शब्द खोडला.

पद्मनाभ म्हणाले, "येसाजीराव, मग हे मृत्युपत्र राहत नाही. बक्षीसपत्र होतं. त्याला स्टँप पेपर लागतो, रजिस्ट्रेशन लागतं."

"मग ते करा."

"आणि तुम्ही राहणार कुठं?"

अक्का पदर खोचून आत गेली आणि मांडणीवरची भांडी उतरवू लागली. मी विचारले, हे काय. म्हणाली, "बांधाबांधीला वेळ लागतो रे. तुझं सामान आधी हलवू, मैदानाकडेला खोली होईपर्यंत विशाकडे ठेवू." विशालाक्षींना कोणी विचारले नाही. त्यांनी मात्र लगेच पुढची खोली रिकामी करायचे कबूल केले.

६. सबब कलम दोन पूर्ण रद्द. घराचे बक्षीसपत्र गुरुवारी सकाळी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत होईल. बाकीची कलमे कायम. सदाशिवरावला दावा लावायची इच्छा झालीच, तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की ऑपरेशन सोमवारी आहे, आणि गुरुवार सोमवारच्या आधी येतो.

म्हैसूर, मंगळवार, १४ जून १९८३.

येसाजीराव रणोजीराव इंगळे (सही)

साक्षीदार:
पद्मनाभ, वकील (सही)
विशालाक्षी, निवृत्त शिक्षिका (सही, गुरुवारीही येईन, रिक्षा पाठवावी.)