लिनकाकांच्या वाडग्यावरच्या टिकल्या

ती. सौ. सीमामावशीस,

इथे अमेरिकेत, ट्रॉयच्या थंडीत गुडघे वाकतात तेवढं वाकून हिमानीचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? काकांची साखर? (विचारायचं म्हणून विचारलं, तू खरं थोडंच सांगणार आहेस!)

आम्ही मजेत आहोत, फक्त तू जाताना एक घोळ घालून गेलीस. शेजारचे लिनकाका पिवळ्या वाडग्यातून पीच घेऊन आले होते, आठवतं? वाडग्यावर रंगवलेली वटवाघळं बघून तू ‘अगं बाई, घरात असलं अशुभ!’ म्हणत प्रत्येक वटवाघळाच्या तोंडावर लाल मखमली टिकली चिकटवलीस. भांडं रिकामं परत करायचं नसतं म्हणून त्यात बेसनाचे लाडू भरलेस, टिकल्यांसकट पोचवलंस आणि विमानात बसलीस. निस्तरायला मी आहेच.

तर तो वाडगा चिनी बादशहाच्या खास भट्टीतला निघाला! परवा लिनकाकांकडे जुन्या भांड्यांची शौकीन मंडळी जमली होती. (चहा होता, पण बिनदुधाचा.) लिनकाकांनी वाडग्यावरची एकेक खूण समजावून सांगितली. हा पिवळा रंग राजघराण्याचा, पाच नखांचा ड्रॅगन म्हणजे खुद्द बादशहा, पीच म्हणजे दीर्घायुष्य आणि वटवाघूळ म्हणजे (मावशी, आधी खाली बस) सुख! तू त्यांच्या सुखाची तोंडं बंद करून आली होतीस. मग सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, “हिमानी, व्हॉट डज द रेड डॉट मीन?”

मी गंभीर चेहऱ्याने ठोकून दिलं, की आमच्यात शुभ गोष्टीला कुंकू लावतात, मावशीने तुमच्या सुखाला मान दिला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. लिनकाकांचे मात्र डोळे भरून आले. बायको गेल्यापासून तो वाडगा त्यांनी कपाटाबाहेर काढला नव्हता, तुझ्यासाठी म्हणून काढला. मला फार लाज वाटली गं. पण आता खरं सांगून त्यांचं मन मोडणं माझ्याने होणार नाही. तूही गप्प राहा.

तुझी,
हिमानी

ता. क. एक टिकली गळून पडली आहे आणि लिनकाका बेचैन आहेत. माझी मैत्रीण ऋता पुढच्या आठवड्यात नागपूरहून इकडे यायला निघतेय, तिच्याबरोबर तसल्याच टिकल्यांची दोन पाकिटं पाठव. इथल्या इंडियन स्टोअरमधल्या त्यांनी नाकारल्या. त्या ऑथेंटिक नाहीत म्हणे.

आणखी एक. जानेवारीत लिनकाका खास तुला भेटायला नागपूरला येताहेत, तिकीटही काढलंय. मी बोलण्याच्या भरात सांगून बसलेय, की मावशी रोज संध्याकाळी थाळी वाजवून अंगणातल्या उंबरावरच्या वटवाघळांची आरती करते. तेव्हा ते असेपर्यंत थाळी नेहमीसारखी खुशाल बडव, फक्त वटवाघळांना शिव्या देऊ नकोस.