झुल्याला केव्हा जायचे?

शहापूर,
रविवार, २१ नोव्हेंबर २०२१

ती. धुरपताबाईस,
भूपेंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. उशिराचे पहिले कारण याच कागदाच्या पहिल्या ओळीत आहे. नेहमीच्या सवयीने 'सौ.' लिहायला पेन टेकवला आणि तो तिथेच थांबला. मग 'श्रीमती' लिहून पाहिले, तर तहसील कचेरीतून तुला नोटीस निघाल्यासारखे दिसू लागले. 'गं. भा.' लिहिण्याचा विचारसुद्धा मनात आला नाही (खरे सांगायचे तर आला, आणि स्वतःचाच राग आला). असे बरेच कागद फुकट गेले, आणि दर वेळी मी पत्र पुढच्या रविवारावर ढकलले. शेवटी आईने पाहिले आणि म्हणाली, "नुसतं नाव लिव्ह ना बाबू. नाव तं आहे ना तिचं." म्हणून नुसते नाव लिहिले आहे. कमी वाटले तर सांग.

बपेऱ्याला सगळे बरे असतील. तुझे गुडघे कसे आहेत ते विचारायला मी फोन करतो, तर तुझा राजकुमार उचलतो आणि आई झोपली आहे म्हणतो. सकाळी केला तरी झोपली, दुपारी केला तरी झोपली, दिवेलागणीला केला तरी झोपलीच. उन्हाळ्यात भाऊजी गेले तेव्हापासून तू फाटकाबाहेर पाऊल टाकलेले नाही, असे सूनबाई मोना शुभांगीला सांगते (मोनाने सांगितले हे तिला कळू देऊ नकोस). एवढी झोप एका माणसाला येत नाही, हे माझ्यासारख्या बी.एस्सी. झालेल्या माणसालाही समजते. म्हणून पत्र. फोन थोडा वेळ वाजून गप्प होतो, पत्र मात्र झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून राहते. भाऊबीजेला मी का आलो नाही याचाही खुलासा पुढे आहे, खोकल्याच्या भागात.

इकडे आई ठणठणीत आहे. धान कापून झाला, मळणीयंत्रावर चुरणे सुरू आहे. बियाण्याच्या दुकानात सध्या गिऱ्हाईक कमी आणि बसायला येणारे जास्त. शुभांगीचे माहेर अड्याळचे असल्यामुळे लग्नाला इतकी वर्षे होऊनही ती मला शहापूरच्या बाजूचा परका माणूस समजते आणि माझ्या प्रत्येक बेतावर आधी हसून घेते. आमची टीना उंच झाली आहे. खरे तर या उंचीपासूनच विषय सुरू होतो, आणि त्यावर मला तुझा सल्ला पाहिजे. विषय असा, की नागपूरच्या त्या झुल्यांच्या पार्कात परत केव्हा जावे?

तुला आठवत असेल, त्या मोठ्या जहाजाच्या झुल्यापाशी एक रंगवलेला दांडा होता, आणि त्यावरच्या रेषेपेक्षा बुटक्या पोरांना वर चढू देत नव्हते. टीना त्या दांड्यापाशी टाचा उंच करून उभी राहिली होती आणि रडत परतली होती. तिला मी शब्द दिला, की रेषा गाठलीस की आणीन. तिने रेषा गाठली, बॅग भरली, आणि त्याच आठवड्यात देशाला कुलूप लागले. तेव्हापासून ती दाराच्या चौकटीला टेकून स्वतःला मोजते आणि माझ्याकडे बघते. आता पार्क उघडले आहे. अजून थांबलात तर ती नवऱ्यासोबतच जाईल, असे शुभांगी म्हणते.

पण बाई, मला एकदम हो म्हणता येईना. घरात सत्तरी ओलांडलेली आई आहे. आपण मजा करायला जायचे आणि परत येताना तिच्यासाठी आजार आणायचा, हे बरे का? उलट, भीतीने पोरीचे बालपण घरात वाळत घालायचे, तेही बरे का? शिवाय लोकांच्या घरची माणसे गेली (आपल्याच घरचे गेले), आणि आपण झुल्यावर बसून ओरडायचे, हे शोभते का? असे सगळे मी रोजनिशीत लिहून काढले. लिहिले की मन हलके होते म्हणतात. माझे झाले नाही, फक्त रोजनिशी संपली आणि नवी आणावी लागली.

शेवटी मी काही अटी ठरवल्या. घरच्या सगळ्या मोठ्यांची लस पूर्ण झालेली असावी, आणि लागोपाठ आठवडाभर घरात कोणी खोकलेले नसावे. पहिली अट पार पडली. दुसरी अट मी दिवाळीच्या सुमारास घातली, आणि तिथेच माझे शिक्षण उघडे पडले. धान चुरण्याच्या दिवसांत, जेव्हा मळणीयंत्राचा भुसा रस्त्यावरून, खिडकीतून, भातातून आणि नाकातून उडत असतो, तेव्हा आठवडाभर न खोकणारे घर आपल्या अख्ख्या जिल्ह्यात सापडायचे नाही. आई खोकली, शुभांगी खोकली, शेजारची म्हैस खोकली. एकदा शनिवारपर्यंत सगळे नीट गेले आणि संध्याकाळी टीना भांडणात ओरडता ओरडता खोकली, तर तिने तोंडावर उशी दाबून घेतली. भाऊबीजेच्या सकाळी तुझ्याकडे निघायला मी शर्ट घातला आणि खोकला मलाच आला. मी वास येतो की नाही ते पाहायला हिंगाची डबी हुंगली. वास आला. तरी खात्री वाटेना म्हणून तपासणी करून घेतली, आणि काही नाही असा निकाल आला तेव्हा भाऊबीज उलटून गेली होती. तू पाट मांडून ठेवला होतास हे मला मोनाकडून कळले (हेही तिला सांगू नकोस). त्या दिवसापासून मला त्या हिंगाचा वास सहन होत नाही.

मग मला वाटले, एकट्याने ठरवण्यापेक्षा चार शहाण्यांना विचारावे. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले. लस झाली असेल तर मास्क लावा, गर्दी टाळा आणि खुशाल जा, असे म्हणून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढे छोटे उत्तर मला पटेना. मग शेजारच्या शकुनबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या, त्यांना विचारले, की या दिवसांत नागपूरच्या पार्कात जावे की जाऊ नये, तुम्हाला काय वाटते? त्यांनी सूप थांबवले, बराच विचार केला आणि म्हणाल्या, "मंग मी लुगडं कोणतं नेसू?" मी म्हटले, ऐकण्यात घोटाळा झाला असेल. पुढे केवळरामकाकांना विचारले (आपल्या बांधाला बांध असलेले, तुला चिंचा पाडून द्यायचे ते). त्यांनीही मान हलवली आणि पुरीभाजी आपल्याकडे लागली असे सांगितले. सलूनमध्ये विचारले, दूध आणायला गेलो तिथे विचारले, दुकानात खत न्यायला आलेल्यांना विचारले. सगळे फार समजूतदारपणे ऐकत होते, आणि कोणीही नको म्हणाले नाही. मला समाधान वाटले. रोजनिशीत लिहिलेही, की समाज आता भीतीतून बाहेर येत आहे.

दोन दिवसांनी जीपवाला विक्की दुकानात आला. जीपमध्ये हे सगळे मावणार नाहीत, म्हणून वऱ्हाडाची मोठी गाडी काढतो, असे म्हणाला. मी विचारले, कोण सगळे? तर त्याने बोटे मोजायला सुरुवात केली, आणि हाताची संपल्यावर पायाकडे पाहिले. मी घरी येऊन आईला सांगितले. आईने कपाळाला हात लावला. "अरे बाबू, आपल्याकडं इचारलं म्हंजे बलावलं. एवढा सिकला अन् एवढं नाई समजत तुले?"

बाई, तेव्हा मला आपले बाबा आठवले. नागपूरला जायचे असले की ते सायकलच्या हँडलला विळा अडकवून निघायचे, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे, शेतात चालले. विळा बसस्टँडवरच्या पानठेल्यात ठेवायचे आणि येताना परत घ्यायचे. मला आजवर वाटायचे, की हा त्यांचा विक्षिप्तपणा. आता कळले, की ज्याला न्यायचे नाही त्याच्यासमोर गावाचे नावसुद्धा काढू नये, आणि काढले तर त्याची जागा धरलीच पाहिजे, हा इकडचा कायदा आहे. मी गर्दी टाळण्यासाठी सल्ला घ्यायला निघालो होतो, आणि घरोघर जाऊन स्वतःच्या हातांनी गर्दी गोळा करून आलो.

मग मी तो घोळ निस्तरायला निघालो. एकेका घरी जायचे आणि समजावायचे, की अजून धोका आहे, तूर्त बेत रद्द समजा. पण मी उंबऱ्यावर दिसलो की लोकांना वाटायचे, तारीख सांगायला आला. चहा व्हायचा. चहा पिऊन बेत रद्द झाला असे सांगणे मला जमत नाही (तुला माहीत आहे, लहानपणापासून नाही). शकुनबाईंनी तर त्याच चहावर अड्याळच्या बहिणीचीही जागा धरून घेतली. शेवटी केवळरामकाकांच्या घरी मी धीर केला आणि म्हटले, काका, ज्यांचे दोन्ही डोस झाले त्यांनाच नेता येईल. मला वाटले, सुटलो. काकांनी पहिला डोस घेतल्यावर ताप आला होता, आणि तेव्हापासून लस देणाऱ्या ताई गावात आल्या की ते बंधाऱ्यात खेकडे धरायला जात. ते धोतर सावरून उठले आणि म्हणाले, "झुल्यासाठी टोचून घेतो. सरकारसाठी नाई."

आणि खरोखर घेतली, बाई. त्यांच्या मागोमाग आणखी काही मंडळींनी घेतली, जी गेले कित्येक महिने सापडत नव्हती. लस देणाऱ्या ताईंनी मला येऊन विचारले, की तुम्ही यांना नेमके काय सांगितले? मी सांगितले, जहाजाचा झुला. त्यांनाही मी गाडीत बोलावले असे त्या समजल्या असाव्यात, कारण त्यांनी निघण्याची वेळ विचारली.

तर आता परिस्थिती अशी आहे. काकांच्या डोसला पंधरा दिवस होऊ द्यायचे. तोवर चुरणे संपेल, भुसा बसेल आणि खोकलाही बसेल. मग रविवार सोडून मधला एखादा दिवस, गाडीच्या काचा उघड्या, सगळ्यांना मास्क. दोन गाड्या कराव्या लागल्या तर करू. माझ्या अटींपैकी एकही नीट राहिली नाही, पण जे होईल ते मी एकट्याने ठरवले असते त्यापेक्षा वाईट होणार नाही असे वाटते (उद्या सकाळी कदाचित वाटणार नाही).

फक्त एक गोष्ट अडते. मागच्या वेळी आपण गेलो तेव्हा तू खालीच बसते म्हणाली होतीस. मग टीनाऐवजी कोणीतरी बसले पाहिजे म्हणून जहाजात चढलीस, डोळे मिटून अख्खा वेळ आईच्या नावाने ओरडलीस, आणि उतरल्यावर कोणाशीही न बोलता सरळ पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिलीस. भाऊजी खाली उभे होते. त्यांनी एकाही झुल्यात पाय ठेवला नाही. आपल्या सगळ्यांच्या चपला त्यांच्या हातात, पर्स खांद्याला, आणि जहाज वर गेले की ते चपला धरलेलाच हात हलवायचे. टीनाला पार्कातले सगळ्यात जास्त काय आठवते असे मी परवा विचारले. ती म्हणाली, आतोबा चपलांनी टाटा करत होते ते.

म्हणून तुला विचारतो. जायला पाहिजे का, आणि केव्हा? सावकाश विचार करून कळव. राजकुमारला माझा आशीर्वाद, मोनाला सांग की शुभांगीने तिची आठवण काढली आहे (एवढेच सांग). तुझी तब्येत सांभाळ.

तुझा
भूपेंद्र

ता. क. पाण्यातले खेळ अजून बंद आहेत असे कळते. हे मी केवळरामकाकांना सांगितलेले नाही. त्यांनी नवा पंचा घेतला आहे.

आणखी एक. भाऊजींना जाऊन वर्ष झाले नाही असे तू म्हणशील, म्हणून मी आधीच आईला विचारून ठेवले. आई म्हणाली, "वरीस सणाले असते. झुला का सण आहे का?" ती स्वतः गाडीत पुढच्या जागेवर बसणार आहे. तिच्या बाजूची खिडकी तिने कोणाला दिलेली नाही, शकुनबाईंनाही नाही.

शेवटचे. यंदा चपला मी धरीन. (यात त्याग काही नाही. त्या जहाजाकडे नुसते बघूनही मी जवळचा खांब धरतो, आणि बसायचे टाळायला मला इतकी वर्षे चांगले निमित्त सापडत नव्हते.) हात हलवण्याचा सराव सुरू आहे, टीनाला अजून पसंत पडत नाही.

बपेरा नागपूरच्या वाटेवर नाही, बरोबर उलट दिशेला आहे, हे मला माहीत आहे. विक्कीलाही आहे. पण वर मी काय केले आहे ते पुन्हा एकदा वाच. मी तुला विचारले आहे. आणि आपल्याकडे विचारले म्हणजे काय, हे तुला माझ्या आधीपासून ठाऊक आहे.

रोजनिशीत उद्याचे काम लिहिले आहे: विक्कीला सांगणे, की गाडी आधी बपेऱ्याला जाईल.