नवरात्रातल्या पांढऱ्या गोळ्या

गुडीहत्नूर,
ता. ४ जानेवारी १९९४

प्रिय गयाताईस, धाकट्या नागनाथचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे ठीक. कापसाची वेचणी संपत आली. आईचा खोकला थांबला. तिकडे सासरी भैंशात तू व भावजी बरे असाल.

गेल्या आठवड्यात नागपूरला जाऊन डोक्याचा नवा फोटो काढला. मेंदूतल्या अळ्या मरून वाळल्या आहेत. पंधरा महिन्यांत फेफऱ्याचा एकही झटका नाही. ताई, हे तुझ्यामुळे. गाव मला देवऋष्याकडे नेत होते, तू एकटीने हट्ट धरून दवाखान्यात नेलेस.

अक्षर वाकडे आहे, डाव्या हाताचे आहे. पण प्रत्येक शब्द दोनदा तपासला, तू पाटीवर शिकवलेस तसा.

आता राहिलेले लिहितो. डॉक्टरांनी सांगितले होते, अळी मरताना मेंदू सुजतो; सुजेने रक्ताची नळी दबली तर लकवा होऊ शकतो. म्हणून अळीच्या गोळीसोबत सुजेची पांढरी गोळी, पोटभर जेवल्यावर. तू त्या पुडीवर 'जेवणानंतर' लिहून खाली दोन रेघा ओढल्यास. गोळ्या संपेपर्यंत उपास नको, असे बजावलेस. मी हो म्हणालो.

पण झटके थांबावेत म्हणून मी माहूरच्या रेणुकामातेला नवरात्राचे उपास बोललो होतो. तू सासरी गेल्यावर उपास धरले. फराळ म्हणजे जेवण नव्हे, म्हणून पांढरी गोळी घेतली नाही. अळीची मात्र दुधाबरोबर वेळेवर घेतली. मला वाटले, मी नियम पाळतो आहे. सहाव्या माळेला उजवा हात गेला.

डॉक्टरांनी विचारले, गोळ्या चुकल्या का? मी नाही म्हणालो. तू सासरहून धावत आलीस, तर बाबा तुला म्हणाले, "तुह्या गोळ्यानं माह्या पोराचा हात गेला." तू माझ्याकडे पाहिलेस. मी भिंतीकडे पाहिले. त्यानंतर दोन भाऊबिजा गेल्या, तू आली नाहीस.

या खेपेस डॉक्टरांना खरे सांगितले. ते म्हणाले, गोळ्या घेऊनही कधी कधी असे होते, पण चुकवल्याने धोका वाढतो.

इथवरचे पत्र बाबांना वाचून दाखवले, न घेतलेल्या पांढऱ्या गोळ्या पुढे ठेवल्या. ते एकेक गोळी बोटाने सरकवत बसले. मग म्हणाले, "तिले लिही, संक्रांतीले ये म्हणा. मी येतो बसस्टँडवर."

ये, ताई. तिळगूळ डाव्या हाताने देईन, तेवढे चालवून घे.

तुझ्या हट्टामुळे जगलेला,
नागनाथ