सटवीचा हिस्सा

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

गेवराईत येऊन तीनच दिवस झाले आणि आजपासून मी नोकरीलाही लागले. भारतची इथल्या कॉलेजात बदली झाली तेव्हा पुण्यातल्या मैत्रिणी मला वनवासाला धाडायला आल्यासारख्या भेटून गेल्या. त्यांना एकदा या गॅलरीत आणून बसवायला हवं. समोर हायवे, पलीकडे कापसाची रानं, आणि सकाळी मेंढरांचा कळप रस्ता ओलांडतो तेव्हा मोठमोठे ट्रक मुकाट उभे राहतात. मला तर हे घर बघताक्षणी आवडलं.

मोहनरावांची कंपनी म्हणजे खताच्या दुकानावरचा एक हॉल. काम मात्र छान आहे. आसपासच्या खासगी दवाखान्यांत बाळ जन्मलं की त्याची नोंद आमच्याकडे येते, आणि लसीची तारीख आली की आईच्या फोनवर निरोप जातो. सर्व्हर इथं नाहीत, क्लाउडमध्ये भाड्यानं घेतलेत. काम वाढलं की नवा सर्व्हर आपोआप जन्माला येतो, कमी झालं की मोडला जातो. पहिल्यांदा उठताना त्यानं आपली कोरी डिस्क स्वतःच मांडून घ्यावी, हे बघणं माझ्याकडे. आठवा संपत आलाय हे मी आधीच सांगून टाकलं, तर मोहनराव म्हणाले, "ताई, आमचं कामच लेकरांचं हाय, तुमाला कोन न्हाई म्हणंल?"

शेजारच्या घरातली सुकन्या माझ्या काही आठवडे पुढे आहे. आम्ही दोघी जिन्यात समोरासमोर आलो की वाटच बंद होते. मग तिथंच उभ्या राहून हसतो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्याआधी हे काम नाथा नावाचा मुलगा बघायचा. चकलांब्याचा, मेंढपाळाच्या घरातला पहिला इंजिनिअर. उन्हाळ्यात अचानक नोकरी सोडून गेला आणि आता बापाची मेंढरं वळतो म्हणे. त्याची फाइल आज नीट वाचली. देखणं काम आहे. नवा सर्व्हर उठला की आधी ही फाइल वाचतो: डिस्कचे हिस्से किती पाडायचे, कोणता केवढा, कोणावर कोणती फाइलसिस्टीम, म्हणजे माहिती मांडायची घडी, घालायची, त्याला नाव काय आणि तो कुठं जोडायचा. शेताच्या वाटणीसारखंच, फक्त भाऊबंदकी नाही. शिवाय एक अट घातली आहे. डिस्कवर आधीच काही असेल तर हात लावायचा नाही, तिथंच थांबायचं.

एकच गोष्ट खटकली. शेवटचा एक लहानसा हिस्सा पाडून तसाच सोडलाय. त्यावर फाइलसिस्टीम नाही, तो कुठं जोडलेला नाही. नाव ‘सटवी’, आणि शेजारी शेरा: कोरी ठेवा. मोहनरावांना विचारलं तर ते हसायलाच लागले. पाचवीला पाटा-वरवंट्यापुढं कोरा कागद आन् पेन मांडत्यात न्हाई का, सटवाईनं येऊन लेकराच्या नशिबाचं लिहावं म्हणून, तसलंच काहीतरी नाथाच्या डोक्यात असंल, म्हणाले.

मला रिकामी जागा बघवत नाही. फडताळात फट ठेवत नाही आणि वहीत समास सोडत नाही, असं आई म्हणते ते खरंच आहे. ही रोजनिशीसुद्धा कडेपासून कडेपर्यंत भरते. मागची टिपणांची कोरी पानं तर ऑगस्टातच संपवली.

२ डिसेंबर, सोमवार

तो हिस्सा आज काढून टाकला आणि त्याची जागा नोंदींच्या हिश्श्याला जोडली. आता डिस्कवर बोटभर जागा वाया जात नाही. पुढं माझ्या सुट्टीत कुणाला हात लावायला लागू नये म्हणून सगळ्याचा पक्का साचा करून ठेवला. नवे सर्व्हर त्या साच्यातूनच निघतील. मोहनरावांनी खूश होऊन भजी मागवली.

आई नेकनूरहून बाळंतपणासाठी आलीय. आल्या आल्या तिनं भारतला डिंक, खोबरं आणायला पिटाळलं. मुलगी झाली तर नाव संस्कृती. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, भारतलाही नाही. फक्त या पानाला.

११ डिसेंबर, बुधवार

सुकन्याला शनिवारी मुलगा झाला, आज त्याची पाचवी. दुपारी मी आणि आई झबलं-टोपडं घेऊन जाऊन आलो. लबाडानं माझं बोट असं पकडलं की सोडेना. केवढासा तळवा, पण रेषा अगदी ठसठशीत. सुकन्याची सासू म्हणाली, लई दांडगं नशीब हाय पोराचं.

संध्याकाळी हॉलवर मात्र गोंधळ. नवा सर्व्हर उठताना अडकला. ‘डिस्क कोरी नाही’ म्हणून थांबला. क्लाउडवाल्यांना विचारलं, तर नवी डिस्क पूर्ण पुसूनच देतो, तिच्यावर काही असणं शक्यच नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. म्हणून डिस्कवर काय आहे ते थेट उघडून पाहिलं. चक्क मराठी.

‘सुकन्याचा मुलगा. पाण्याला भिईल. गावातल्याच शाळेत शिकेल. गाणं म्हणेल, पण कुणी असताना नाही. दोन मुली होतील. गुडघे दुखतील. म्हातारा होऊन झोपेत जाईल.’

मला हसूच आलं. हॉलमधल्याच कुणीतरी चाचणीसाठी काहीबाही टाकलं असणार. तेवढ्यात दवाखान्यांचे फोन सुरू झाले, मोहनराव डोक्यावर येऊन उभे राहिले. मी साच्यातली अट फिरवली. आधीचं काही असलं तरी पुसून टाक आणि पुढं चल. एका शब्दाचा तर बदल. खबरदारी म्हणून एवढंच जोडलं, की पुसण्याआधी जे सापडेल ते मला मेलनं पाठव. सर्व्हर लगेच उठला आणि मोहनराव घरी गेले.

१४ डिसेंबर, शनिवार

सुकन्याचं बाळ काल गेलं.

गुरुवारी सकाळीच तिनं मला हाक मारली होती. बाळ मूठ उघडत नव्हतं, रडतही नव्हतं. मी आपली बोलून गेले, झाकली मूठ सव्वा लाखाची. मग तिच्या सासूनं बळंच ती मूठ उघडली. तळव्यावर एकही रेष नव्हती. पुसलेल्या पाटीसारखा तळवा. दुसराही तसाच. बुधवारी मी स्वतः पाहिल्या होत्या, आईनंही पाहिल्या होत्या. डॉक्टरांना आजार सापडला नाही. पाजलेलं बाहेर यायचं, आणि डोळे उघडे, पण कुणावर ठरायचे नाहीत.

काल दुपारी झोपेत गेलं. त्या ओळींतलं तेवढंच खरं झालं. सुकन्याचं रडणं भिंतीतून ऐकू येतंय आणि मला तिच्या दारात जायची हिंमत होत नाही. योगायोग आहे, असं मी सारखी स्वतःला सांगतेय.

२३ डिसेंबर, सोमवार

आठवडाभर मी मेल उघडली नव्हती. आज नेकनूरच्या दवाखान्यानं कळवलं की काही नोंदी बंद करा, बाळं राहिली नाहीत. बाई फोनवर म्हणाली, कसला ताप न्हाई, काय न्हाई, नुसती इझून गेल्यासारखी गेली.

मग मेल उघडली.

प्रत्येकाची ओळ आहे. एक मुलगी नर्स होणार होती. एकाला आंबे आवडणार होते, आणि तो भावाशी भांडून नगरला राहायला जाणार होता. एकीची तर फक्त, ‘सुखी राहील.’ सगळ्या ओळींखाली सर्व्हरनं आपलं नेहमीचं लिहिलंय: आधीचं पुसलं, नवी फाइलसिस्टीम घातली, काम यशस्वी.

मी पुसलं. मी.

२६ डिसेंबर, गुरुवार

नाथाच्या वेळचे जुने सर्व्हर अजून चालू आहेत. त्यांच्यावरचा सटवीचा हिस्सा आज उघडला. कोरा नाही. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ. नावं पडताळली. ती सगळी लेकरं जिवंत आहेत, वेळच्या वेळी लसी घेतायत.

नाथाला फोन लावला. मागं मेंढरं ओरडत होती. मी घडलं ते सगळं त्याला सांगितलं. मग म्हणाला, "ती जागा तुमी भरली कावून, ताई? माझी बी न्हवती, तुमची बी न्हाई." म्हणाला, जिथं लेकराची नोंद, तिथं सटवाई येतीच. तिला लिहायला कोरी जागा लागती. बाजूला जागा ठेवली तर गुमान तिथं लिहून जाती, न्हाई ठेवली तर सगळ्या डिस्कवर लिहिती. त्यानंही सुरुवातीला जागा ठेवली नव्हती, अट घातली नव्हती. त्याची पहिली मुलगी त्यात गेली. तेव्हा त्यानं तो कोरा हिस्सा पाडला. हे कुणाला सांगितलं का नाही, असं मी ओरडले. त्यानं मलाच विचारलं, तुमी आयकलं असतं का?

ऐकलं नसतं.

फाइल पुन्हा होती तशी केली. हिस्सा ठेवला, अट ठेवली. आता कंबर दुखतेय, सकाळपासूनच दुखतेय. आई म्हणते लॅपटॉप मिट आणि ऊठ, कळा आहेत या—

२८ डिसेंबर, शनिवार

मुलगी. काल पहाटे. दोन्ही तळव्यांवर रेषा आहेत. भारत हसतो, म्हणतो सारखी हातच काय बघतेस. डाव्या हातानं माझा पदर ओढते. माझ्यासारखी डावखुरी होणार. मी इतकी सुखी कधीच नव्हते आणि इतकी घाबरलेलीही नव्हते.

३० डिसेंबर, सोमवार

पाजताना एकदम आठवलं.

फाइल बदलली. साचा नाही. सर्व्हर साच्यातून निघतात, फाइलीतून नाही. साचा बदलायचा राहिला, कळा आल्या आणि राहिला. जुन्या साच्यात तीच अट. दिसेल ते पूस.

मोहनराव लग्नाला गेलेत, फोन लागत नाही. साचा माझ्या घरच्या लॅपटॉपवरून उघडत नाही, हॉलवरच्याच लॅपटॉपवरून उघडतो. हॉलला कुलूप. भारत म्हणतो, बाळंतिणीच्या डोक्यात काहीही येतं. पाया पडले त्याच्या. उद्या किल्ली मिळवून लॅपटॉप आणतो म्हणालाय. उद्या पाचवी.

३१ डिसेंबर, मंगळवार

भारत दुपारी गेलाय. किल्ली मोहनरावांच्या पुतण्याकडे, तो शेतावर. अजून नाही आला.

आईनं पाटा-वरवंटा मांडला. हळदकुंकू, दिवा. कोरा कागद, पेन. मी म्हटलं अजून कागद ठेव, खूप ठेव. आई रडायला लागली. नाथाला फोन केला. म्हणाला, कागदावर आता येईल का न्हाई सांगता येत न्हाई ताई, नोंद तिकडं हाय. पर कोरं ठेवा. जवळचं, तुमचं सोताचं काय असंल ते कोरं ठेवा.

दिवेलागण. सुकन्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. बाळाकडं नुसती बघत राहिली आणि गेली.

मेल आली.

‘संस्कृती.’

हे नाव कुणालाच माहीत नाही. या वहीशिवाय कुणालाच—

‘संस्कृती. डावखुरी. आईच्या अंगावर गेलेली. उशिरा बोलेल आणि मग थांबणार नाही. मेंढरांमागं पळेल. आईशी भांडेल, आईजवळच राहील. आईला शेवटचं पाणी तीच—’

खाली: पुसणं सुरू.

भारतचा फोन लागत नाही. डावा तळवा उघडला. तीन रेषा आहेत. आहेत. रडतेय, चांगलं आहे, रड, रड बाळा.

भारतचा फोन आला, कुलूप उघडलं, लॅपटॉप चालू होतोय, थांब म्हणाला.

दोन. मी नीट बघितलं, दिव्याखाली धरून. दोनच—

पाट्यावरचा कागद कोराच आहे. ती तिथं येत नाही. तुमचं सोताचं काय असंल ते, नाथा म्हणाला. माझं म्हणजे ही वही. वर्षभर भरली, कडेपर्यंत भरली, मागची पानंही, कुठं म्हणून जागा सोडली नाही. हे शेवटचं पान. आणि मी हेही भरतेय, का भरतेय, थांबायला हवं—

रडायची थांबली.

एक.

बाई, सटवाई, इथं या. खाली थोडी जागा आहे. मी आता लिहीत नाही, पेन इथंच ठेवते, ही जागा तुमची, ही को