खालची शिवण

७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू बरी असशील असं धरून चालते. बरी नसलीस तरी तू कळवणार नाहीस, त्यामुळे दुसरं काही धरता येत नाही. आम्ही तिघं ठीक. तुझ्या भाचीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि अभ्यास सोडून बाकी सगळं जोरात चालू आहे. दुकानात काम बरं आहे. हल्ली लोक गाडीच्या सीटा शिवून घेण्याऐवजी तयार कव्हरं चढवतात, पण चोखंदळ गिऱ्हाईक अजून आपल्याकडेच येतं.

फोन केला असता. पण फोनवर आपण दोघी हवापाणी आणि गुडघेदुखी यांच्या पुढे जात नाही, आणि हे त्याच्या पुढचं आहे.

दातांचे डॉक्टर आठवतात? हिरव्या गाडीवाले. गेल्या महिन्यात ते गेले. मी जाऊन आले, मागेच उभी राहिले आणि लवकर परतले. मंगळवारी दुपारी दुकानासमोर एक ट्रक थांबला. त्यावर ती गाडी. तीच, दोन माणसांची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची एमजी. मला वाटलं काहीतरी उसवलं असेल. तेवढ्यात एक वकीलबाई उतरल्या, माझं नाव विचारलं आणि म्हणाल्या, ही आता तुमची.

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मृत्युपत्रात तसं लिहिलं आहे म्हणे. वाक्य लांबलचक आहे, ते पुन्हा कधीतरी. मला एका कागदावर सही करून द्यायची आहे, अठ्ठावीस तारखेच्या आत. नाही दिली तर गाडी त्यांच्या पुतण्याकडे जाईल. मी अजून सही केलेली नाही. बाईंना सांगितलं, चष्मा घरी राहिलाय. चष्मा डोक्यावर होता.

घरी काय झालं असेल ते तूच ओळख. नवरोबा उत्तरपत्रिका तपासावी तसे गाडीभोवती तीन फेऱ्या मारून आले. गणिताचे मास्तर ते, उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखवल्याशिवाय गुण देत नाहीत. म्हणाले, "गाडी दिसली. आता मधल्या पायऱ्या सांग." मी म्हटलं, जुनं गिऱ्हाईक होतं. ते म्हणाले, जुनी गिऱ्हाइकं फार तर दिवाणखान्याचं घड्याळ देतात. मग भाजीत मीठ कमी आहे का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. ताई, त्यांना संशय येतो आहे, आणि तो चुकीच्या दिशेने येतो आहे. योग्य दिशा दाखवावी तर... असो.

समोरच्या इस्त्रीवालीने तर सरळच विचारलं, डॉक्टर बिनलग्नाचेच राहिले ना गं? लेक मात्र खूश आहे. गाडीत बसून फोटो काढते. ती गाडी इतकी बुटकी आहे की आत बसायचं नसतं, खाली उतरायचं असतं.

मला स्वतःला विचारशील तर काही कळत नाही. माणूस मेल्यावर उगीच कोणाला काही देत नाही. त्यांच्या सीटा आपल्या दुकानात झाल्या होत्या, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, एवढाच काय तो संबंध. बाबांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हाचं ते काम. आठवत असेल तर चार ओळी लिही. डॉक्टरांचं आणि बाबांचं काही होतं का? आईचं? असं विचारायची मला लाज वाटते, पण संशय एकदा घरात शिरला की चपला काढून कोपऱ्यात बसत नाही.

तब्येतीला जप.

तुझी
धाकटी

१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "अभिनंदन. गाडी उन्हात ठेवू नकोस, लेदर तडकतं. ड्रायव्हरच्या सीटची खालची शिवण एकदा बघून घे."

मी ते कार्ड चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. आई आणि डॉक्टर यांच्याबद्दल मी एवढं वेडंवाकडं विचारलं, त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. रागावलीही नाहीस. मोठ्या बहिणीने अशा प्रश्नाला निदान एक फटका तरी द्यावा. आणि खालची शिवण का म्हणून? ती दिसत नाही. सीट उलटी केल्याशिवाय कोणाला दिसत नाही. तुझ्या मनात नक्की काय आहे?

मी अजून बघितलेली नाही.

काल डॉक्टरांचा पुतण्या आला होता. चाळिशीचा, नीटनेटका, आवाज मऊ. एका विमा कंपनीत तो खोटे दावे शोधून काढायचं काम करतो. हे त्यानेच सांगितलं, चहा घेता घेता, जणू काही टीव्ही दुरुस्त करतो असं सांगावं. गाडी परत नेण्यासाठी आलेलो नाही म्हणाला, काकांची इच्छा ती माझी इच्छा. फक्त काकांनी नाव लिहिलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?

मला माहीत होतं. तुला मी मागच्या पत्रात सांगितलं नव्हतं. मृत्युपत्रातलं वाक्य लांबलचकही नाही. "माझी गाडी, तिच्या सीटा जिने आपल्या हाताने शिवल्या, त्या मुलीला." एवढंच. नाव वकीलबाईंनी आपल्या दुकानाच्या जुन्या पावतीवरून आणि पाटीवरून शोधलं. आणि मला ज्या कागदावर सही करायची आहे, त्यात लिहिलंय की ती मुलगी मी.

तर पुतण्या. काम किती दिवस चाललं होतं, त्याने विचारलं. अकरा, मी म्हटलं. आत काय भरलंय? खाली काथ्या, वर फोम. कडेचा गोट कोणत्या रंगाचा? मुळात काळा होता, पण काळा संपला म्हणून गडद तपकिरी लावला, डॉक्टरांना तो जास्त आवडला. सगळं बरोबर सांगत होते ताई, अगदी पाठ असल्यासारखं. तो वहीत लिहून घेत होता. मी सुटले असं वाटलं.

मग उठला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "काका एकदा म्हणाले होते, जिने ह्या शिवल्या ती मुलगी त्या दुकानात टिकली नाही."

मी म्हटलं, मी तर इथेच आहे.

"तेच विचारायला आलो होतो," तो म्हणाला. आणि चहा छान होता म्हणून गेला.

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. एका डेंटिस्टला आपल्या घरातलं काय माहीत होतं? कोणी सांगितलं? तू सांगितलंस का? तू गाव सोडल्यावर त्यांना भेटत होतीस का, पत्रं लिहीत होतीस का? मला दोन ओळींची कार्डं आणि त्यांना पानं भरभरून? मी काय लिहिते आहे मला कळतंय. पण हे खोडणार नाही. तू शांत राहतेस आणि मग माझ्या मनाला जे सुचायचं ते सुचतं. नेहमी असंच झालं आहे.

नवरोबा अलीकडे फार सभ्यपणे वागतात. त्याने जीव जास्त घाबरतो.

तुझी
धाकटी

२६ फेब्रुवारी

ताई,

आज सकाळी लेक शाळेत, हे शाळेत, दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि मी ड्रायव्हरची सीट गाडीतून काढली. टेबलावर उलटी ठेवली.

आधी मला जे लिहायचं आहे ते लिहून टाकते, नाहीतर पुन्हा इस्त्रीवालीवर घसरेन.

त्या दिवशी तू बाबांपाशी हॉस्पिटलमध्ये होतीस. सीटा आदल्या संध्याकाळी पुऱ्या झाल्या होत्या. डॉक्टर गाडी न्यायला आले. त्यांनी सीटवरून हात फिरवला, अगदी हळू, पेशंटचा गाल चाचपावा तसा, आणि विचारलं, कोणी शिवलं हे? दुकानात मी एकटी होते. सोळा वर्षांची. बोटांना खडू लागलेला. मी म्हटलं, "मी."

का म्हटलं ते मी अठ्ठावीस वर्षं शोधते आहे. वाईट हेतू नव्हता. हेतूच नव्हता. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता, आणि तोपर्यंत कोणी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. सगळे तुझ्याकडेच बघायचे. मला वाटलं, तू आलीस की सांगू, हसू. पण ते तिथून थेट हॉस्पिटलात गेले आणि बाबांना म्हणाले, तुमच्या धाकटीच्या हातात जादू आहे. बाबांच्या डोळ्यांवर पट्टी होती. आणि तू तिथे, त्यांच्या उशाशी, मोसंबी सोलत बसली होतीस. हे मला नंतर बाबांनीच सांगितलं. मी विचारलं, ताई काय म्हणाली? काही नाही म्हणाली, फोडी दिल्या.

मग दुकान माझ्या नावावर झालं. बाबा म्हणाले, मोठी नोकरीला लागतेच आहे, धाकटीच्या हातात जादू आहे. तू कपड्यांच्या कारखान्यात लागलीस, दुसऱ्या गावी, आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या मापाच्या बाह्या जोडल्यास. त्या कारखान्यात मी जायला हवं होतं, ताई. मी मात्र पाटी रंगवून घेतली.

डॉक्टरांना कोणी सांगितलं, हा माझा संशय. तुझ्यावर घेतला, त्याची माफी नंतर मागते. कोणीच सांगितलं नव्हतं. तुला लिहिलं नव्हतं ते असं. बाबा गेले त्या वर्षी माझी अक्कलदाढ डॉक्टरांनीच काढली. हिरडीला टाके घालता घालता ते म्हणाले, गंमत बघा, डावखुऱ्या माणसाचा टाका उलटा झुकतो, मी रोज टाके घालतो म्हणून मला ते दिसतं. मग माझ्याकडे वाकून विचारलं, "तुम्ही उजव्या हाताने शिवता ना?" माझ्या तोंडात कापूस कोंबलेला. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी फार वेळ माझ्याकडे बघितलं आणि धागा कापला.

त्यानंतर मी दातांचा डॉक्टर बदलला. पण ते दुकानात येत राहिले. दर वर्षी काहीतरी निमित्त, एक बटण, एक पट्टा. कात्री कायम माझ्या डाव्या हाताशी ठेवायचे. मी ती उचलून उजव्या हातात घ्यायची. मी त्यांना घाबरत होते, आणि घरच्यांना वाटतंय माझं त्यांच्याशी काहीतरी होतं. हसायलाही येत नाही.

तर सीट. उलटी केली आणि खालची शिवण बघितली. सगळे टाके डावीकडे झुकलेले, तुझ्या डाव्या हाताचे, एकसारखे, पावसात माणसं एका दिशेने छत्र्या धरतात तसे. अठ्ठावीस वर्षांत एक सैल नाही. मी बोटाने मोजत शेवटपर्यंत गेले. आणि शेवटी, कोपऱ्यात, चार टाके उजवीकडे झुकलेले. मोठे, ओबडधोबड. सुटत आलेले.

मी विसरले होते, ताई. खरंच विसरले होते. अकराव्या दिवशी संध्याकाळी तू दाभण माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "घे, शेवटचे चार तू घाल. म्हणजे तुझंही झालं." अकरा दिवस मी तुला दोरा ओवून देत होते, मेण लावून देत होते. तू बक्षीस दिलंस.

आता मला तुझ्या कार्डाचा संशय येतो, शेवटचा. बघून घे म्हणालीस ते मला पकडायला, की सोडायला? चार टाके तुझेही आहेत, कर सही, असं तुला म्हणायचं होतं का? तू तशीच आहेस. पण चार टाक्यांवर गाडी होत नाही. चार टाक्यांवर मी एक दुकान घेतलंच आहे.

दुपारी वकीलबाईंकडे जाऊन आले. पुतण्यालाही बोलावून घेतलं होतं. ती मुलगी मी नव्हे, माझी मोठी बहीण, असं लिहून दिलं, तुझ्या पत्त्यासकट. पुतण्याने विचारलं, मग अकरा दिवस, काथ्या, गोटाचा रंग, हे तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, मी दोरा ओवत होते. त्याने वही मिटली. म्हणाला, असा दावा त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आला.

यांना संध्याकाळी सगळं सांगितलं. सगळ्या पायऱ्या. मग म्हणाले, "आता तिला दुकानाचंही विचारावं लागेल." मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, जुनं झालं. तसं म्हणाले नाहीत. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

वकीलबाईंकडून कागद येईल, त्यावर तू सही कर; तुझ्यासाठी मुदत वाढवून घेतली आहे. गाडीची किल्ली या पत्रात चिंधीत गुंडाळून ठेवली आहे. चिंधी त्याच लेदरची आहे, एवढी वर्षं खणात होती. दुकानाचं काय ते तू येऊन सांग. जे म्हणशील ते. आणि तुला त्या दिवशी मोसंबी सोलताना काय वाटलं, तेही सांग, दोन ओळींत नको.

माझे चार टाके मी उसवले आहेत. तुझ्या शेवटच्या टाक्याला गाठ मारून ठेवली आहे, तुझे सुटणार नाहीत. चार बोटांची फट आहे. मला ती बंद करता येईल, आता मी चांगली शिवते. पण करणार नाही.

सीट टेबलावर उलटीच आहे. दाभण तुझ्या बाजूला ठेवलं आहे, डावीकडे. दोरा ओवून, मेण लावून.

तुझी, दोरा ओवणारी,
धाकटी